धुऊन काढलेलं गाव

शनिवार, १९ जून १९७६

आज चर्चच्या मनोऱ्यावर चढलो. पायऱ्या एकशे चार, वय सदुसष्ट; पण कारणच तसं होतं. पाऊस नाही म्हणून सगळं ऑल्डरहॅम गाव रडतंय आणि मी एकटा खूश आहे. जमीन इतकी करपली की पोटात दडवलेलं दाखवायला लागते. पूर्वी जिथे खड्डा होता तिथे ओल टिकते आणि गवत हिरवं राहतं, एवढं साधं आहे ते. वरून पाहिलं तर मिसेस उटिंगच्या घरामागच्या पिवळ्या गवतात एक हिरवा चौकोन स्वच्छ दिसला. अंदाजे बारा फूट बाय नऊ. सॅक्सन लोकांची झोपडी एवढीच असते: कमरेइतका खड्डा, वर गवताचं छप्पर. तेराशे वर्षं ती तिथे आहे आणि तिच्यावर त्या बाईच्या लांब चड्ड्या वाळताहेत.

गेल्या वर्षी परगण्याच्या इतिहास मंडळात मी म्हणालो होतो की आमचं गाव नॉर्मन लोकांच्याही आधीचं, म्हणजे सॅक्सन आहे. अध्यक्ष हसून म्हणाले, "पुरावा आणा, फॅरंट. गोळ्या नकोत." सगळे हसले. चाळीस वर्षं केमिस्टचं दुकान चोख चालवलं, त्याची ही पावती. ऑक्टोबरच्या बैठकीत निबंध वाचायला मी नाव देऊन ठेवलं आहे. आता पुरावाच आणतो.

शुक्रवार, २५ जून

म्युरिएलला बरोबर घेऊन परवानगी मागायला गेलो. बायकोला पुढे केलं की खेड्यातली दारं लवकर उघडतात.

मिसेस आयव्ही उटिंग. वय एक्याऐंशी, विधवा, मूलबाळ नाही. ज्या घरात जन्मली त्याच घरात राहते. घर कच्च्या मातीच्या विटांचं: घोड्यानं तुडवलेला चिखल, त्यात पेंढा, साच्यात घालून उन्हात वाळवलेला. भट्टी नाही, काही नाही. विटा तिच्या आजोबांनी पाडल्या. खाली गुडघाभर गारगोट्यांचा पाया, त्याला बाहेरून डांबर, वर चुना. बाई भिंतीवर हात फिरवत बोलत होती, गाईच्या पाठीवर फिरवावा तसा.

"डोक्यावर चांगली टोपी नि पायात चांगले बूट, येवढंच मागती ती," म्हणाली. "छप्पर गळू द्यायचं न्हाई, पाया भिजू द्यायचा न्हाई. मग शंभर वर्षं काय बी व्हत न्हाई."

"आणि दिले नाहीत तर?"

"मग जिथनं आली तिथं जाती, मिस्टर. खाली."

मला ती नुसतं 'मिस्टर' म्हणते. आडनाव उच्चारायचे कष्ट कशाला?

घरात चुना, चुना आणि चुना. दर वसंतात हाताला लागेल ते ती रंगवून काढते. चुलीवरच्या फळीवर मातीच्या जाड चकत्यांची रांग, त्याही चुन्यानं माखलेल्या, प्रत्येकीच्या मधल्या भोकात मेणबत्ती खोचलेली. एखाद्या ढ पोरानं शाळेत केल्यासारख्या. मी तोंड फिरवलं. म्युरिएलनं कौतुक केलं. तिला काहीही आवडतं. एके काळी मीही आवडलो होतो.

परवानगी मिळाली. अट एकच: भिंतीपासून चार पावलं लांब. मान डोलावली.

शनिवार, ३ जुलै

पहिला दिवस. खणायला मी आणि क्लिफर्ड ईक. क्लिफर्ड निवृत्त गवंडी आहे. हात चांगले, डोकं बेताचं. म्युरिएल चाळणीवर. वरच्या दीड फुटात मध्ययुग: हिरव्या झिलईच्या सुरईचे तुकडे, धार लावायचा दगड, शिंपले, मेंढीची हाडं. लोक खात होते, फोडत होते, फेकत होते. त्याखाली माती काळी झाली आणि मी फावडं टाकून खुरपं घेतलं.

मिसेस उटिंग खुर्ची टाकून बसली होती. विचारलं नसताना बोलत होती. "ते डुकराचं हाय." "ती राख चुलीची न्हाई, वतून दिलेली हाय." दुपारी बोटाएवढं एक हाड निघालं, एका टोकाला निमुळतं, काचेसारखं गुळगुळीत. मी लेबल लिहिलं: केसांत खोचायची पिन.

"पिन न्हाई ती," बाई म्हणाली. "मागावर धागे ठोकून बसवायचं हाय. ह्या अंगाला झिजलंय बघा. बाई डावखुरी व्हती."

तिनं ते डाव्या हातात धरलं आणि तिचा अंगठा त्या झिजलेल्या खळग्यात बरोबर बसला. तिच्यानंतर मी धरून पाहिलं. माझा बसला नाही. तरी लेबल तसंच ठेवलं आहे. अडाणी माणसाच्या अंदाजावर लेबलं बदलायला लागलो असतो तर दुकानात चार माणसं मेली असती.

शनिवार, १० जुलै

सापडलं. मी आज रडलो, हे इथे लिहून ठेवतो कारण दुसरीकडे कुठे सांगणार नाही.

झोपडीच्या तळाशी, काळ्या मातीत, एका सरळ रेषेत सात गोल चकत्या. भाकरीएवढ्या नाहीत, बिस्किटापेक्षा मोठ्या, मधे भोक. मागाची वजनं. उभ्या मागावर धागे ताणून धरायला खाली बांधतात ती. दोरा कुजला, माग कोसळला, आणि वजनं जिथे लोंबत होती तिथेच ओळीनं बसली. एक बाई विणता विणता उठून गेली आणि परत आली नाही, असं वाटलं. अध्यक्षांचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

चकत्या हळूच सोडवून फळीवर ठेवल्या. फोटो काढायचा होता, पण मळकट वस्तूचा फोटो मी काढत नाही. दुकानातला पहिला नियम: आधी धुवा, मग बघा. पाण्याचा दुष्काळ आहे, म्हणून आमच्या आंघोळीचं साबणाचं पाणी जस्ताच्या टबात भरून आणलं होतं.

मिसेस उटिंग खुर्चीवरून उठली. "पाणी नका लावू, मिस्टर. कच्ची माती हाय ती, भाजल्याली न्हाई. माझ्या फळीवर—"

"फळीचं नंतर बघू, मिसेस उटिंग."

"आवो पर तुमी आत येऊन—"

"नंतर."

क्लिफर्डनं डोकं खाजवलं. म्युरिएल म्हणाली, "लायनेल, एकच बुडवून बघ आधी." सगळ्यांनाच आज पुराणवस्तुशास्त्र यायला लागलं होतं. सातही टबात ठेवल्या. घट्ट बसलेली माती रात्रभर भिजली की सकाळी दात घासायच्या ब्रशनं अलगद निघते.

रविवार, ११ जुलै

टबात चिखल.

ब्रश घेऊन बसलो होतो. हात बुडवला तर तळाशी नुसता लोण्यासारखा गाळ. सातापैकी शून्य. फोटो शून्य.

तिनं सांगितलं होतं हे खरं आहे. पण ती कोंबड्यांनाही दिवसभर काहीबाही सांगत असते. प्रत्येक वेळी ऐकायचं ठरवलं तर काम कधी करायचं?

गुरुवार, १५ जुलै

संग्रहालयातून मिस पार्जिटर आल्या. वय तिशीच्या आत, पायात पोरांसारखे बूट. टबाजवळ उकिडव्या बसून त्यांनी गाळ चिमटीत घेऊन चोळला.

"कोणी भिजवलं हे?"

"टब मिसेस उटिंगच्या अंगणात होता," मी म्हणालो. "म्हाताऱ्या माणसांना स्वच्छतेची हौस असते." यात एक अक्षर खोटं नाही.

मागे बशी वाजली. मिसेस उटिंग चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे पायरीवर ठेवला आणि आत गेली. कोणी ओतला नाही, चहा निवून गेला. या वर्गाला पाहुण्यांची शिस्त नाही.

मिस पार्जिटर म्हणाल्या, "वाईट झालं. पण ओळ भिंतीकडे जाते आहे, तिथे आणखी असतील. त्यांना हात लावू नका. ही भिंतही त्याच मातीची आहे, मिस्टर फॅरंट. पायाजवळ दोन मीटरच्या आत खणू नका." मला शिकवत होत्या. त्यांच्या जन्माआधीपासून मी विषारी औषधांच्या कपाटाची किल्ली सांभाळली आहे.

पण 'आणखी असतील' हे त्यांच्याच तोंडचे शब्द आहेत. लिहून ठेवतो.

शनिवार, ३१ जुलै

दोन आठवडे काही केलं नाही, फक्त भिंतीकडे बघत बसलो. ओळ सरळ तिच्या पायाखाली शिरते.

आज मिसेस उटिंग बहिणीकडे लोस्टॉफ्टला गेली. दर वर्षी ऑगस्टचा पहिला पंधरवडा ती समुद्रावर काढते. वालाच्या वेलांना भांडी धुतलेलं पाणी घालायला किल्ली म्युरिएलकडे दिली आहे. जाताना माझ्याशी बोलली नाही. मिस पार्जिटर आल्या त्या दिवसापासून माझ्या सावलीलाही उभी राहत नाही.

सोमवार, २ ऑगस्ट

भिंतीकडे चर काढायला घेतला. क्लिफर्ड अकरापर्यंत खणत होता. डांबराचा पट्टा दिसायला लागल्यावर फावडं रोवून उभा राहिला.

"ह्याच्या फुडं न्हाई, लायनेल."

"का? दमलास?"

"चाळीस वर्सं भिंती बांधल्या मी. माझ्या हातनं पाडायची न्हाई."

"पाडायला कोण सांगतंय? चार गारगोट्या सरकवायच्या आहेत."

"बाई घरात न्हाई."

"म्हणूनच तर सोयीचं आहे. तिची मनःशांती बिघडत नाही."

त्यानं फावडं पुसलं, टोपी घातली आणि निघाला. फाटकापाशी थांबून म्हणाला, "तुमच्याकडनं खोकल्याचं औषध न्यायचो तवा बाटलीवरचं समदं वाचून दाखवायचा तुमी. दोनदा." काय म्हणायचं होतं कोणास ठाऊक. उंटावरून शेळ्या हाकणारे गावात पुष्कळ आहेत. खड्ड्यात उतरायला मी एकटा.

शुक्रवार, ६ ऑगस्ट

दोन. पायाच्या बरोबर खाली, गारगोट्यांना टेकून, दोन चकत्या अखंड. पाणी लावलं नाही. माणूस चुकतो आणि शिकतो. फरक एवढाच की काही जण त्याचा गवगवा करत नाहीत.

नीट दिसाव्यात म्हणून पायाच्या अकरा गारगोट्या काढाव्या लागल्या. प्रत्येकीवर खडूनं क्रमांक घालून ओळीनं मांडून ठेवल्या आहेत. मी काही रानटी नाही. पूर्ण रीळभर फोटो काढले. चकत्या आहेत तिथेच राहू दिल्या. मिस पार्जिटर सुट्टीवरून येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघतील तेव्हा साक्षीदार मिळेल. अध्यक्ष माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, त्यांच्यावर ठेवतील.

म्युरिएल वालांना पाणी घालायला आली, चराकडे बघितलं आणि म्हणाली, "तिला पत्र पाठवून विचारलंस का?" मी म्हणालो, "सुट्टीत कशाला त्रास?" तिनं पाणी घातलं आणि गेली. वाल मात्र मस्त आले आहेत.

मंगळवार, १७ ऑगस्ट

मिसेस उटिंग परवा आली. काल दिवसभर पडदे ओढलेले. आज सकाळी फाटकातून बघतो तर बाई गुडघ्यांवर बसून चुलीत कोळसा टाकायच्या लहानशा खोरणीनं माझा चर बुजवते आहे. एक्याऐंशी वर्षांची. बोटं संधिवातानं वाकडी झालेली, खोरणी दोन्ही हातांत धरून.

मी तिच्या हातातून ती काढून घेतली.

"बूट काढलेत तुमी तिचे," ती म्हणाली. "माझी भिंत अनवाणी उभी केलीत."

"सप्टेंबरात सगळे दगड परत बसवीन. क्रमांक आहेत त्यांवर."

"पाऊस काय तुमचे क्रमांक वाचून पडनार हाय?"

"पाऊस? कुठे आहे पाऊस? रेडिओ ऐकता ना?"

"मिस्टर, मी हात जोडते. बुजवा ते. तुमाला त्या चकत्याच पायजे असतील तर मी—"

सौदा करायला लागली होती. अशा वेळी माणसानं ठाम राहावं. मी सांगितलं की प्राचीन अवशेषांची नासधूस हा गुन्हा आहे. चराला पुन्हा हात लावला तर पोलीस येतील आणि या वयात कोर्टात उभं राहावं लागेल. कायदा नेमका असाच आहे का हे मला माहीत नाही. बहुधा नाही. पण औषधाच्या बाटलीवर कवटी काढली की लोक विचारत नाहीत, आणि ती अर्धी सुरक्षितता असते.

ती उठायला लागली तर उठता येईना. मी हात पुढे केला. तिनं भिंतीला धरलं.

दुपारी तिनं टाकलेली माती परत काढली. चकत्या शाबूत. जीव भांड्यात पडला.

रविवार, २९ ऑगस्ट

पाऊस. प्रार्थना चालू असतानाच कौलांवर आवाज झाला आणि पाद्रीसाहेब मधेच थांबले. सगळे बाहेर जाऊन भिजत उभे राहिले. म्युरिएलनं टोपी काढून तोंड वर केलं होतं. मिसेस उटिंग तेवढी धावत घराकडे गेली. धावत म्हणजे तिला जमेल तशी.

मी चराची व्यवस्था आधीच केली होती. वर पन्हाळीचे पत्रे टाकले आहेत आणि त्यांना चांगला उतार दिला आहे, म्हणजे पाण्याचा एक थेंब चकत्यांवर जाणार नाही. उतार घराच्या बाजूला आहे, कारण दुसऱ्या बाजूला माझा मातीचा ढीग आहे. संध्याकाळी जाऊन बघितलं. खाली ठणठणीत कोरडं. अशी कामं शांत डोक्यानं करावी लागतात.

शनिवार, ११ सप्टेंबर

दोन आठवडे पाऊस. वर्षभराचा हिशेब चुकता करतोय.

मिसेस उटिंग सकाळी आमच्या दारात. छत्री नाही.

"भिंत घाम गाळती," म्हणाली. "आतल्या अंगाला कागद सुटलाय. माझ्या निजायच्या खोलीत बोट जाईल येवढी भेग हाय. येऊन बघा."

मी निबंधाचं तिसरं पान लिहीत होतो: सॅक्सन गृहजीवनातील ऊब आणि निवारा. म्युरिएलला पाठवलं. ती तासाभरानं परतली. म्हणाली, "लायनेल, आज बुजव. आत्ता." मी म्हणालो, मिस पार्जिटर एकवीस तारखेला येताहेत, तीनशे पासष्टमधले दहा दिवस. तिनं वर जाऊन गेस्टरूममधलं अंथरूण घातलं. विचारलं कोणासाठी, तर म्हणाली, "मिसेस उटिंगसाठी. पण त्या येत नाहीत. म्हणतात, आजारी माणसाला सोडून कसं यायचं."

आजारी कोण, ते विचारायचं राहिलं.

सोमवार, २० सप्टेंबर

काल सकाळी साडेदहाला भिंत गेली. मिसेस उटिंग चर्चमध्ये होती, नशीब म्हणायचं. शेजारी सांगतात की मोठा आवाज झालाच नाही; थकलेल्या माणसानं खुर्चीत बसावं तशी भिंत बसली. मागची पूर्ण बाजू, धुराडं, चुलीवरची फळी, सगळं. निजायची खोली रस्त्यावरून दिसत होती: पलंग, त्यावर घडी घातलेली गोधडी, आणि अर्ध्या हवेत लोंबणारा फुलाफुलांचा कागद.

चर भरून गेला. माझ्या दोन्ही चकत्या त्या चिखलाखाली, मिस पार्जिटर येण्याच्या दोन दिवस आधी. हे दुर्दैव सहन करायला मनाचा दगड करावा लागला.

मिसेस उटिंग चर्चचे कपडे घालून रस्त्यात उभी होती. ती रडली नाही. एकच म्हणाली, "गेली खाली." क्लिफर्ड कमरेएवढ्या चिखलात हातानं उकरत होता. दुपारी टोपीत काहीतरी घालून निघाला. मी विचारलं, काय सापडलं? म्हणाला, "बाईचं हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाठ केली होती. कोरड्या हवेत आकसलेली माती एकदम भिजली की असंच होतं. हे मी तीन जणांना समजावून सांगितलं.

शनिवार, १६ ऑक्टोबर

निबंध वाचला. ते लिहायलाच हवं म्हणून लिहितो.

फोटो पडद्यावर टाकले. भिंतीच्या सावलीत काढल्यामुळे तपकिरी मातीत दोन तपकिरी गोळे. मी वजनं, माग, विणणारी बाई, सगळं सांगितलं. अंधारात अध्यक्षांचा आवाज आला: "बटाटे का हे, फॅरंट?" मग जे हसले ते अजून कानात आहे. मिस पार्जिटर हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि त्या घराचं काय झालं?" मी म्हणालो, तो या निबंधाचा विषय नाही. हाडाची पिन फिरवली, तर केसांतली पिन कुठल्याही काळातली असू शकते असं ठरलं.

एक अखंड वस्तू. टेबलावर ठेवायला एक अखंड चकती असती तर.

गुरुवार, ४ नोव्हेंबर

घर राहण्याला अयोग्य ठरवून पाडलं. मिसेस उटिंगला तालुक्याच्या गावी वृद्धाश्रमात ठेवलं आहे. जागा अजून तिच्याच नावावर आहे. घर गेल्यामुळे आता जमीन पूर्ण मोकळी झाली. ओळ पुढे जात असणारच. तिची सही घेतली की वसंतात पूर्ण खणता येईल. वाईटातून चांगलं निघतं ते असं.

म्युरिएल दर गुरुवारी तिला भेटायला जाते. आज मी एकटा जातो म्हणालो. म्युरिएल म्हणाली, "जा." एवढंच.

शुक्रवार, ५ नोव्हेंबर

काल परत आल्यावर लिहू शकलो नाही. घडलं तसं लिहितो.

खोली लहान, स्वच्छ, गुळगुळीत हिरव्या रंगाची. एक पलंग, एक खुर्ची, कोपऱ्यात बेसिन. मिसेस उटिंग खुर्चीत. मी द्राक्षं नेली होती. कागद काढला, पेन काढलं, आणि मग खिडकीकडे लक्ष गेलं.

खिडकीच्या कट्ट्यावर मातीची एक जाड चकती. चुन्यानं माखलेली, मधल्या भोकात मेणबत्तीचा बुंधा. एका कडेला चुन्याचा पोपडा उडाला होता आणि आतली माती दिसत होती. काळपट. भोकाच्या वरच्या अंगाला दोऱ्यानं झिजलेली खाच.

मी पेन खाली ठेवलं.

"ही कुठून आली?" मी विचारलं.

"क्लिफर्डनं काढून दिली. येकच वाचली."

"नाही, त्याआधी. मुळात."

"आज्यानं घराच्या विटांसाठी माती काढली तवा निघाल्या व्हत्या. नऊ. आजी म्हनायची, कुना बाईच्या हातच्या हायेत, टाकायच्या न्हाईत. कोरड्यात ठेवायच्या. शंभर वर्सं ठेवल्या फळीवर."

नऊ. मी त्यांच्याकडे पाठ करून चहा प्यालो होतो.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"पैल्या दिवशीच देनार व्हते समद्या. तुमी फळीकडं बघून नाक मुरडलं. मग टबापाशी सांगाया गेले. मग बुजवताना सांगाया गेले. तुमाला वाटलं, म्हातारी बडबडती."

मी खुर्ची जवळ ओढली. आवाज मऊ ठेवला, दुकानात ठेवायचो तसा. "मिसेस उटिंग, ही मला द्या. संग्रहालयात काचेच्या कपाटात राहील, तुमच्या नावानं. लेबलावर तुमचं नाव मी स्वतः लिहीन."

"काय लिवाल? स्वच्छतेची हौस असल्याली म्हातारी?"

मी कागद सरळ केला.

"पायजे ना तुमाला?" ती म्हणाली. "द्याची म्हंजे धुऊन द्याची. तुमचा नियेम हाय."

ती उठली. चकती दोन्ही वाकड्या हातांत धरून बेसिनकडे गेली. बूच लावलं, नळ सोडला. पाणी भरेपर्यंत वाट पाहिली, मग चकती अलगद आत ठेवली, तान्ह्या मुलाला आंघोळीला ठेवतात तशी. पेल्यातला दात घासायचा ब्रश घेतला आणि घासायला लागली. डाव्या हातानं.

आधी चुना निघाला, पापुद्र्यापापुद्र्यानं. शंभर वसंतांचा चुना, त्याला वेळ लागला. मी उठलो, हात पुढे केला. तिनं मान वळवून बघितलं आणि मी थांबलो. दार उघडं होतं, नर्स होती, कोणीही मला अडवत नव्हतं. का थांबलो ते अजून कळत नाही. मग पाणी ढगाळलं, मग तपकिरी झालं. मेणबत्तीचा बुंधा वर येऊन तरंगायला लागला. ती घासतच होती, हातात काही उरलं नव्हतं तरी.

शेवटी तिनं बूच काढलं. पाणी गेलं. तळाशी राहिलेला गाळ बोटानं पुसून तिनं टॉवेलला हात कोरडे केले आणि कागदाकडे बोट दाखवलं.

"कुठं करायची सही?"

सही केली. अक्षर वळणदार आहे, आश्चर्य वाटलं. जमीन आता खणायला मोकळी आहे. पण क्लिफर्डनं बसस्टॉपवर सांगितलं की आजोबांनी विटांची माती त्याच जागेची काढली होती, घराखाली सहा फूट. तिथे काही असतं तर ते त्या नऊ चकत्यांतच आलं. ऑल्डरहॅम सॅक्सन आहे हे आता फक्त मला माहीत आहे आणि दाखवायला काही नाही.

घरी येऊन म्युरिएलला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच सगळं, टबापासून. मला वाटलं होतं ती काहीतरी म्हणेल, रागावेल तरी. ती विणत होती. ओळ संपवली, सुया फिरवल्या.

"पाणी कोमट होतं ना?" तिनं विचारलं. "थंड पाण्यानं त्यांची बोटं आखडतात."